अर्ध्या पापणीचा सूर्य

दिल्ली, गुडगाव, नॉयडा, फरीदाबाद आणि तमाम पंचक्रोशीतील मराठी बंधुभगिनींना अत्यंत गंभीरपणे, उभे राहून आणि घसा खाकरून कळविण्यात येते की, पृथ्वीवर सूर्य आणण्याचे जे काम मानवजातीने हाती घेतले आहे, त्यास आजवर झालेल्या विलंबापैकी तीन आठवड्यांचा विलंब प्रस्तुत लेखकामुळे झालेला आहे. उरलेल्या विलंबाबद्दल कृपया अन्य देशांकडे चौकशी करावी.

घोषणा संपली. बसा आता.

मी भिंतवाला. नाव प्रमोद खांबेटे, मुक्काम द्वारका. सेक्टर मुद्दामच सांगत नाही. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना मी एकदा भाबडेपणाने ‘भिंतींवर संशोधन करतो’ असं सांगून बसलो, तेव्हापासून कुणाच्याही बाथरूमला ओल आली की ते मला घेऊन जातात. मी बोटाने टकटक करून पाहतो आणि गंभीर चेहरा करून ‘वरच्या मजल्यावरून येतंय’ म्हणतो. आजवर एकदाही चुकलो नाही.

माझी खरी भिंत वेगळी आहे. गुडगावच्या पुढे, आता जिथे काचेचे मनोरे उभे आहेत तिथे तेव्हा मोहरीची शेतं होती, आणि त्या शेतांच्या कडेला आमची प्रयोगशाळा. तिच्यात एक यंत्र. ट्रकच्या टायरची ट्यूब डोळ्यांसमोर आणा, फक्त पोलादाची, आणि माणूस वाकून आत शिरू शकेल एवढी. तिच्यातली सगळी हवा काढून टाकायची, चिमूटभर हायड्रोजन सोडायचा आणि तो इतका तापवायचा की अणूंची शकलं होतात. या तापलेल्या, विजेने भरलेल्या वायूला प्लाझ्मा म्हणतात. सूर्याच्या पोटात हेच असतं. एवढी गरम वस्तू ठेवायला जगात भांडं नाही, म्हणून तिला चुंबकाच्या जोरावर ट्यूबच्या मधोमध अधांतरी धरायचं. कुठेही शिवू द्यायचं नाही.

हे झालं पुस्तकातलं. प्रत्यक्षात प्लाझ्मा म्हणजे वरातीत नाचणारा नवरदेवाचा मित्र. चारही बाजूंनी माणसं उभी करा, तो कुठे ना कुठे जाऊन धडकतोच. तो भिंतीला धडकला की भिंतीचे कण उडतात, ते कण त्याच्यात शिरतात, आणि तो क्षणात गार होऊन विझतो. भिंत त्याच्यामुळे झिजते आणि तो भिंतीमुळे मरतो. दोघं एकमेकांना बिघडवतात आणि दोघांच्या घरची माणसं एकमेकांना दोष देतात. मी भिंतीच्या घरचा. प्लाझ्माच्या घरची होती रोहिणी मोहिते.

रोहिणी माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. सुभेदाराची मुलगी, दिल्ली छावणीत वाढलेली. तिचं मराठी म्हणजे ‘अरे यार, तो पंप आता बिल्कुल ऐकत नाहीये’ या जातीचं. ‘निर्वात’ हा शब्द मी तिला तीन वेळा शिकवला आणि तिन्ही वेळा तिने तो ‘निवांत’ म्हणून परत केला. मराठी मंडळाच्या गणपतीत ती मला ‘दादा’ म्हणायची आणि प्रयोगशाळेच्या फाटकातून आत पाऊल टाकलं की ‘सर’. दोन्ही ठिकाणी मी तिच्यावर सारखाच जळायचो.

कबूल करतो. या वयात लपवाछपवी कशाला? मत्सर ही माझ्या आयुष्यातली सर्वांत टिकाऊ भावना आहे. आमच्या प्लाझ्मापेक्षा तर फारच टिकाऊ. आमचा प्लाझ्मा तेव्हा अर्धी पापणी टिकायचा. म्हणजे माणसाची पापणी लवायला जेवढा वेळ लागतो त्याच्या निम्मा. नियंत्रण कक्षात दहा माणसं श्वास रोखून बसणार, सायरन वाजणार, भोंग्यावरून उलटी गणती होणार, आणि पडद्यावर एक गुलाबी झळाळी दिसतेय न दिसतेय तोच संपलेली. पण ती गुलाबी झळाळी इतकी सुंदर, की येईल तो तिचाच फोटो मागायचा. संस्थेच्या कॅलेंडरवर जानेवारीला गुलाबी प्लाझ्मा, एप्रिलला जांभळा प्लाझ्मा, दिवाळीच्या महिन्यात प्लाझ्मासमोर हसणारी रोहिणी. भिंतीचा फोटो बाराही महिन्यांत नाही. मी एकदा आमचे प्रमुख भटनागर सर यांना सुचवलं, की निदान फेब्रुवारीला तरी टाइल टाका, महिना लहान आहे. ते म्हणाले, “खांबेटे जी, टाइल तो बाथरूम में भी होती है.”

माझं काम सोवळ्याचं. आत काय जाऊ द्यायचं आणि काय नाही, हे मी ठरवायचो. यंत्र उघडलं की आत शिरणाऱ्याने टोपी, मुखपट्टी, डगला आणि दोन-दोन हातमोजे घालायचे. आत उघड्या बोटाने कशाला शिवायचं नाही, कारण बोटाचा ठसा म्हणजे तेल, मीठ आणि पाणी. तुम्हाला तो दिसतही नाही, पण निर्वात पोकळीत तो दिवसेंदिवस वाफा सोडत बसतो. दारावर माझ्या सहीची पाटी होती: ‘बिना दस्ताने हाथ लगाना सख़्त मना है.’ आमच्या आजीने स्वयंपाकघरात जे केलं तेच मी प्रयोगशाळेत केलं, फक्त मला त्याचा पगार मिळायचा.

हे सोवळं किती खरं आहे, त्याचा एक दाखला देतो. एकदा महाराष्ट्रातून एक बडे पाहुणे आले. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या सरकारी अतिथिगृहात जेवून थेट आमच्याकडे. ‘जरा आत डोकावू द्या हो’ म्हणाले, आणि डोकावले. पुढे चार दिवस यंत्रातली हवा काही केल्या पुरती निघेना. पंप धापा टाकत होते. सगळ्यांनी गळती शोधली, मी मात्र टॉर्च आणि आरसा घेऊन आत पालथा पडलो, आणि पाचव्या दिवशी खालच्या फटीतून चिमट्याने एक बडीशेपेचा दाणा बाहेर काढला. एक दाणा! अख्खं यंत्र त्याने रोखलं होतं. मला वाटलं, आता तरी. पण झालं असं की यंत्र चालू झालं, पहिलाच प्लाझ्मा झकास आला, आणि टाळ्या वाजल्या त्या रोहिणीसाठी. तिने माझ्याकडे बोट दाखवून “सर की वजह से” असं म्हटलंसुद्धा. ती असंच करायची. तिच्यावर धड रागावताही यायचं नाही, याचा मला विशेष राग.

पंपांचा राजा होता सतपालजी. झज्जरकडचा, मिशीवाला, आणि यंत्राला ‘भैंस’ म्हणणारा. “भैंस है जी. पहले खिलाओ, नहलाओ, सहलाओ, फिर दूध की बात करो,” असं त्याचं तत्त्वज्ञान. आणि ते शंभर टक्के बरोबर. यंत्र उघडून बंद केलं की आधी ते दोन-तीन दिवस शेकायचं, मग आत मंद विजेचा झगमगाट करून भिंती घासायच्या, आणि मगच प्लाझ्मा. या खिलाना-नहलानाचा कार्यक्रम माझा आणि सतपालजीचा. दूध काढायला रोहिणी.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. त्या वर्षी ठरलं होतं की दिवाळीनंतर बाहेरची समिती येईल आणि पुढचं अख्खं वर्ष यंत्र कोणाच्या हाती द्यायचं ते ठरवेल. दोनच उमेदवार. एक रोहिणी: तिला प्लाझ्मा पूर्ण पापणीभर टिकवून दाखवायचा होता. दुसरा मी: मला आतल्या काळ्या ग्रॅफाइटच्या टाइल्स काढून त्यांच्या जागी टंगस्टनचा मुलामा दिलेल्या टाइल्स बसवायच्या होत्या. टंगस्टन म्हणजे जुन्या बल्बमधल्या तारेचा धातू, सहजासहजी हार मानत नाही. पंधरा वर्षं मी त्या मुलाम्यावर घालवली होती. यंत्र मिळालं असतं तर ती पंधरा वर्षं कामाला आली. नाही तर कपाटात.

समिती येण्याआधी यंत्र तीन आठवडे चालणार होतं, आणि ते तीन आठवडे रोहिणीचे होते. मला त्यात पाहुणा म्हणून एक टाइल मिळाली. चाळीस काळ्या टाइल्समध्ये माझी एक, चकचकीत राखाडी. परीक्षेची म्हणून ती बाकीच्यांपेक्षा केसभर पुढे बसवायची, म्हणजे प्लाझ्माचा पहिला मार तिने खायचा. रोहिणीने स्वतःहून परवानगी दिली होती. “ठीक आहे ना सर, माझ्या घरात तुमची एक खोली,” म्हणाली. तिच्या घरात! भिंती माझ्या, सोवळं माझं, आणि घर तिचं.

दसऱ्याला दोन दिवस उरले असताना रोहिणीचे वडील यंत्र पाहायला आले. सुभेदार मोहिते. साताऱ्याकडचे, निवृत्त, पाठीला कणा म्हणून बहुधा बंदुकीची नळीच असावी. यंत्र उघडं होतं. रोहिणीने त्यांना प्लाझ्माबद्दल उत्साहाने बरंच सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ते समदं झालं पोरी. पण एवढा जाळ हाय तर भिंत वितळत कशी नाही?”

मित्रहो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत मंत्रालयाचे सचिव आले, परदेशी पाहुणे आले, शाळांच्या सहली आल्या. भिंतीबद्दल विचारणारा हा पहिला माणूस. आणि तोही निघाला तिचाच बाप!

मी त्यांना अर्धा तास भिंत समजावली. चहा पाजला. निघता निघता विचारलं, “दसऱ्याला गावी जाणार का?”

“नाय हो. पलटणीत. रिटायर झालो तरी खंडेनवमीला छावणीत बोलावत्यात. शस्त्रपूजा असती. हारीनं समदं मांडायचं. रायफली, मशीनगनी, लंगरातला झारा, न्हाव्याचा वस्तरासुदिक. आन् प्रत्येकाला हळदीकुंकू. एक बी सोडायचं नाही.”

“ताट मी धरायचे,” रोहिणी म्हणाली. “हात इतके दुखायचे ना यार! बाबा एकेका गोळीला लावत बसायचे.”

सुभेदार हसले. मीही हसलो. आणि तिथेच कली माझ्यात शिरला.

आमच्या घरी खंडेनवमी जोरात असते. आई मिक्सरला कुंकू लावते, स्कूटरला लावते, वडिलांच्या टाइपरायटरला लावते, आणि संगणक आल्यापासून माउसलाही. कुंकू विकतचं नाही. तिच्या माहेराहून येतं. हळकुंडांना चुना आणि टाकणखार लावून घरी केलेलं, लालभडक. नवमीच्या सकाळी मी निघताना तिने कागदाची पुडी हातात दिली. एका घडीत हळद, दुसऱ्या घडीत कुंकू.

“तुझ्या त्या मशीनला लाव हो.”

“आई, तिथे विश्वकर्म्याची पूजा झाली मागच्या महिन्यात. बाहेर, फाटकापाशी. आत काही चालत नाही.”

“देवाला कसलं आत नि बाहेर? नखभर लाव.”

आता चित्र डोळ्यांसमोर आणा. दुपारची जेवणाची सुट्टी. संध्याकाळी यंत्र बंद होणार. मी शेवटची तपासणी करायला एकटा आत शिरलेला, टोपी-डगला-मुखपट्टीसह. टॉर्चच्या उजेडात चाळीस काळ्या टाइल्स आणि मधोमध माझी राखाडी. पंधरा वर्षांची लेक पहिल्यांदा परीक्षेला बसलेली, आणि परीक्षा दुसऱ्याच्या घरात. डगल्याच्या आत खिशातली पुडी मला टोचत होती.

मी शास्त्रज्ञ आहे. मी हिशेब केला. नखभर हळद. शेकताना जळेल, घासताना निघेल, उरेल तो थोडा कार्बन. ग्रॅफाइटच्या यंत्रात कार्बनला कोण विचारतो? हिशेब चोख होता. मी उजव्या हाताचे दोन्ही मोजे काढले. हो, काढले. मोजे घालून कोणी देवाला कुंकू लावतं का? अनामिकेने आधी हळद टेकवली, तिच्या शेजारी कुंकू. मनात म्हणालो, ‘बाई, टिकून राहा. नि त्या गुलाबी बयेला जरा जागा दाखव.’ मोजे घातले. बाहेर आलो. दारावर माझ्याच सहीची पाटी माझ्याकडे बघत होती.

यंत्र बंद झालं. सतपालजीने भैंस खिलवली, नहलवली, सहलवली. आणि रोहिणीचे तीन आठवडे सुरू झाले.

पहिल्या दिवशी प्लाझ्मा अर्ध्या पापणीच्याही आत विझला. दुसऱ्या दिवशी तेच. रोहिणीने चुंबकांचे आकडे बदलले, वायू कमी केला, वाढवला. प्लाझ्मा यायचा, फुलायचा, आणि जणू कोणी चिमटा काढल्यासारखा दचकून मरायचा. प्लाझ्माच्या उजेडाचे रंग सुटे करून आत कोणकोणती मूलद्रव्यं घुसली आहेत ते सांगणारं एक यंत्र असतं. त्यात जांभळ्या बाजूला एक रेघ दिसायला लागली. कॅल्शियम.

“कॅल्शियम कुठून येणार सर?” रोहिणीने मला विचारलं.

आता मी तुम्हाला खरं सांगतो, त्या क्षणी माझ्या मनात कुंकू नव्हतं. आनंद होता. निखळ, गुलाबी, पूर्ण पापणीभर टिकणारा आनंद. मी चेहरा लांब केला आणि म्हणालो, “सिमेंट. आजूबाजूला इमारती उठताहेत. तुमच्या लोकांनी यंत्र उघडं असताना हॉलचं दार उघडं ठेवलं असणार.”

तिने तिच्या तिन्ही माणसांना बोलावून विचारलं. कोणी कबूल होईना. मग ती स्वतः, एवढी डॉक्टरेटवाली बाई, ओलं फडकं घेऊन गुडघ्यांवर बसून हॉलची फरशी पुसायला लागली. मी दारातून पाहत होतो. सतपालजी माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

“खांबेटे साब, दरवाज़ा बंद था,” तो हळूच म्हणाला. “चाबी मेरे पास थी.”

“तो फिर कैल्शियम कहाँ से आया?”

“ये तो आप बताओगे जी. अंदर का आदमी तो आप हो.”

मला त्याचा राग आला. पण रात्री जेवताना आईने पानात वाढलं आणि विड्यासाठी चुन्याची डबी पुढे सरकवली, तेव्हा मी हातातला घास परत पानात ठेवला. चुना! हळदीचा हिशेब केला होता मी. कुंकू म्हणजे नुसती हळद नव्हे, हळद आणि चुना, आणि चुना म्हणजे कॅल्शियम. तो शेकून जळत नाही, घासून निघत नाही. टाकणखारातलं बोरॉन भिंतीला मानवतं, पण चुना नाही. आणि लावला कुठे होता? बाकीच्यांपेक्षा केसभर पुढे असलेल्या एकमेव टाइलवर. प्लाझ्मा दर वेळी तिथेच जाऊन माथा टेकत होता आणि कुंकू लावून परत येत होता.

“काय झालं रे?” आई म्हणाली.

“तुझं कुंकू भेसळीचं असतं तर बरं झालं असतं,” मी म्हणालो. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

आता प्रामाणिक माणसाने काय केलं असतं? दुसऱ्या दिवशी सांगितलं असतं, यंत्र उघडलं असतं, टाइल पुसली असती. मग शेकणं-घासणं धरून रोहिणीच्या हातात जेमतेम दहा दिवस उरले असते, आणि त्यात तिने बहुधा पापणी पूर्ण केली असती. हे सगळं मला स्पष्ट दिसत होतं. म्हणूनच मी गप्प बसलो. मी काही खोटं बोललो नाही. रोज फक्त कामावर गेलो, रोज तिचा उतरलेला चेहरा पाहिला, आणि रोज स्वतःला सांगितलं की उद्या बोलू. तीन आठवडे संपले. दुपारचा डबा ती खायची नाही हे मला दिसायचं. तिच्या डब्यात मेथीचे ठेपले असायचे आणि ती ते सतपालजीला द्यायची. मला त्याचाही हेवा वाटला, सांगतो काय!

यंत्र उघडलं. टाइल मी स्वतःच्या हाताने (मोजे घालून) काढली आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. हे साधं भिंग नव्हे. कोणतं मूलद्रव्य कुठे आहे त्याचा रंगीत नकाशा काढणारं यंत्र. ते चालवता येणारा संस्थेत मी एकटा. नकाशा उमटला. राखाडी टंगस्टनवर शेजारी शेजारी दोन गोल ठिपके. एकात हळदीतल्या पोटॅशियमची राख, ती संगणकाने हिरवी दाखवली. दुसऱ्यात कॅल्शियम, निळं. त्या निळ्यात बोटाच्या रेषासुद्धा होत्या, आणि भोवती विजेच्या ठिणग्यांनी पाडलेले बारीक व्रण. पण बाकी सगळीकडे मुलामा शाबूत! तीन आठवडे मार खाऊन माझी लेक जशीच्या तशी. मला हसावं की रडावं कळेना.

समितीच्या बैठकीला मी पेनड्राइव्हवर दोन फाइली नेल्या. एकीत नकाशा होता, दुसरीत नव्हता. दुसरीत फक्त शाबूत मुलामा होता आणि खाली एक ओळ: ‘कॅल्शियमचा उगम अज्ञात.’ त्या ओळीला कोणी हात लावू शकलं नसतं. यंत्र माझंच झालं असतं.

आधी रोहिणी बोलली. आकडे दाखवले, अपयश दाखवलं. समितीतल्या एका वयस्कर गृहस्थांनी विचारलं, “तो समस्या कहाँ थी? दीवार में?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. रोहिणीनेही पाहिलं. आणि म्हणाली, “नहीं सर. दीवार ठीक थी, खांबेटे सर ने खुद चेक किया था. गलती मेरी है. मैंने प्लाझ्मा को दीवार के ज़्यादा पास रखा. अगला साल आप उन्हीं को दीजिए.”

समितीच्या गृहस्थांनी चष्मा काढला. भटनागर सरांच्या डोळ्यांत चक्क कौतुक होतं. आणि मला जे झालं त्याला लोक पुढे ‘सदसद्विवेकबुद्धी’ म्हणाले. मंडळाच्या कार्यक्रमात कोणीतरी त्यावर भाषणही केलं. ते खोटं आहे. मला मत्सर झाला. शुद्ध, कडक, घरी केलेल्या कुंकवासारखा बिनभेसळीचा मत्सर. कॅलेंडर तिचं, टाळ्या तिच्या, भिंतीबद्दल विचारणारा बापसुद्धा तिचा, आणि आता मनाचा मोठेपणाही तीच घेऊन जाणार? न केलेली चूक कबूल करून? माझ्याकडे केलेली चूक होती! अस्सल, पुराव्यासकट, रंगीत नकाशासह!

मी उभा राहिलो आणि ओरडलोच, “गलती दीवार की है!”

“दीवार की,” भटनागर सर सावकाश म्हणाले, “या दीवारवाले की?”

मी पहिली फाइल लावली.

इथे थोडं पुढचं सांगून टाकतो. ते वर्ष रोहिणीलाच मिळालं आणि मार्चमध्ये तिने पापणी पूर्ण केली. त्या गुलाबी झळाळीचा फोटो छापून आला. त्यात खालच्या बाजूला, भिंग घेऊन पाहिलंत तर, माझ्या टाइलचा कोपरा दिसतो. ती तिने आपणहून पुन्हा बसवून घेतली होती. माझ्या टंगस्टनला यंत्र मिळालं ते त्याच्याही पुढच्या वर्षी. दारावरच्या पाटीवरची माझी सही मात्र काढण्यात आली. आता तिथे सतपालजीची सही आहे.

तर, मोठ्या पडद्यावर नकाशा लागला. डावीकडे तुलनेसाठी यंत्राच्या आतला फोटो, चाळीस स्वच्छ काळ्या टाइल्सची रांग, उजवीकडे माझी एकटी, आणि तिच्यावर शेजारी शेजारी दोन ठिपके, एक हिरवा, एक निळा. समितीचे तिघं पुढे वाकले.

“दो उँगलियाँ?” भटनागर सरांनी विचारलं. “किसकी हैं?”

रोहिणी खुर्चीतून उठून पडद्याजवळ गेली. मान तिरकी करून तिने ते दोन ठिपके पाहिले, मग ती स्वच्छ रांग पाहिली, पुन्हा ठिपके पाहिले. तिचे ओठ हलले. मला वाटतं ती मनात ताट धरून उभी होती. मग ती गर्रकन माझ्याकडे वळली, आणि प्रयोगशाळेच्या फाटकाच्या आत पहिल्यांदाच ‘सर’ विसरून, भर बैठकीत, तीन पाहुण्यांसमोर, चक्क मराठीत ओरडली:

“अहो दादा, लावायचंच होतं तर सगळ्यांना लावायचं ना! एकट्या स्वतःच्याच टाइलला?”